रेडिओवर घेतलेलं नाव

माझ्या वडलांना, म्हणजे आमच्या दादांना, आता एकच शब्द बोलता येतो. बराबर. लकवा मारला तेव्हा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. एवढं सगळं गेलं तर हा एक शब्दच तोंडात कसा काय मागं राहिला, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं होतं कधी कधी. झालं समाधान. तेव्हापासून पाणी पाहिजे असलं की दादा म्हणतात बराबर, कूस बदलायची असली की बराबर, पाय दुखायला लागला की तेच आणि दुखायचा थांबला तरी तेच. माझी चुलती एकदा म्हणाली, बाई, दर गोष्टीला बराबर म्हणणारा नवरा मिळायला नशीब लागतं. मायनं तिच्याकडं असं बघितलं की चुलती पुढ्यातला चहा न पिताच घरी गेली.

मी हिंगोलीत राहते, लोकांचे कपडे शिवते. भाऊ पुण्याला असतो आणि फोनवरून काळजी करतो. हळद काढायचे दिवस आले की मी मशीनवर कपडा टाकते आणि कुरुंद्याला माहेरी येते, कारण मायला एकटीला दादांचं आणि शेताचं दोन्ही होत नाही. आई-वडील गावात राहत नाहीत, शेतातल्या घरातच राहतात. आखाडा म्हणतो आम्ही त्याला. दोन खोल्या, पुढं ओसरी, ओसरीत दादांची बाज आणि बाजेच्या उशाला रेडिओ. हा रेडिओ दादांचा फार जुना. मोबाईल आले, टीव्ही आला, टीव्ही बिघडून माळ्यावर गेला, पण दादांनी रेडिओ सोडला नाही. बोलता येत होतं तोवर बातम्या देणाऱ्यांशी ते भांडायचे सुद्धा.

आता नावाची गोष्ट सांगते. आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही आणि नवरा बायकोचं घेत नाही. हल्लीच्या पोरी घेतात, अरेतुरे करतात, त्यांचं बरंच आहे. मी सुद्धा घेते, भांडताना तर हमखास घेते. पण दादांच्या वेळी तसं नव्हतं. लग्नाच्या दिवशी मात्र दोघांनाही नाव घ्यावंच लागायचं. नवऱ्याच्या बहिणी दार अडवून उभ्या राहायच्या, उखाण्यात नाव घ्या मगच आत या. मायनं घेतलं, चांगलं जोडून, गाऊन घेतलं. दादांची पाळी आली तर दादा तिथं नाहीतच. हा नवरदेव मुंडावळ्या वर बांधून परसातल्या कुडावरून उडी मारून घरात जाऊन बसला होता. मायनं एकटीनंच माप ओलांडलं. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झालीय की तो कूड कुठं होता हे माझ्या पोरांनाही माहीत आहे.

पुढं सगळा जन्म दादा मायला म्हणायचे अगं, नाहीतर ऐकलं का, आणि रागात असले की कोण हाय तिकडं. तहसीलात कुणी विचारलं, पत्नीचं नाव काय, तर दादा मला कोपरानं ढोसायचे. सांग की त्यांला. मी नाव सांगायचे आणि दादा खिडकीतून बाहेर बघायचे. माय एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली, "माझ्या बापानं हौसेनं नाव ठेवलं माझं. पर ह्या घरात त्या नावाला मी कवा ओ दिली न्हाई बघ. कुणी हाकच मारली न्हाई तर ओ कुणाला देऊ?" असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि मला लाकूड मागं ओढायला सांगितलं.

पण एकदा दादांनी तिचं नाव घेतलं होतं. रेडिओवर. मी तेव्हा अंगावर पिणारं लेकरू होते. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी रेडिओवाले जीप घेऊन आमच्या शेतात आले, हळदीवर दादांची मुलाखत घेतली आणि शेवटी त्या माणसानं विचारलं, मालकीणबाईंचं नाव काय. दादांनी सांगितलं. मुलाखत घेतली तेव्हा माय विहिरीवर होती. काही दिवसांनी संध्याकाळी ती मुलाखत रेडिओवर लागली तेव्हा सगळं गाव किराणा दुकानापुढं गोळा झालं होतं, आणि माय मला झोळीत टाकून हळदीच्या काहिलीपुढं उभी होती. त्या वेळी हळद काहिलीत उकडायचे, मोठ्या लोखंडी कढईत, वरून हळदीचाच पाला झाकून. एकदा जाळ लावला की जागा सोडता येत नाही. जरा इकडं तिकडं झालं की हळद जास्त शिजते, नाहीतर कच्ची राहते, आणि मग वर्षभराच्या कष्टाची माती. ती कळ मायलाच बराबर जमायची, म्हणून सगळे रेडिओ ऐकायला गेले आणि तिला म्हणाले, तू थांब.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाया तिला चिडवायला लागल्या. काय बाई, तुझ्या मालकानं रेडिओत नाव घेतलं. मायनं विचारलं, कसं घेतलं? घेतलं की, बाया म्हणाल्या. एक म्हणाली, हसून घेतलं. दुसरी म्हणाली, अगं कशाचं, खोकला आला त्याला, नाव गिळूनच टाकलं. तिसरी म्हणाली, मला तर काही ऐकूच आलं न्हाई, लोकच लई हसून राहिले व्हते. मायनं शेवटी दादांनाच विचारलं. दादा म्हणाले, "त्या माणसानं इचारलं, मंग सांगावं लागलं." माय म्हणाली, "मंग आता एकदा सांगा." दादा म्हणाले, "येडी हाईस का तू?" आणि पाण्याची बारी होती म्हणून टॉर्च घेऊन निघून गेले. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. विचारायला काय, माणूस घरातच आहे, कधीही विचारता येईल, असंच वाटतं ना माणसाला.

आणि मग एका संध्याकाळी आम्ही दादांना खाऊ घालत होतो तेव्हा रेडिओवरची बाई म्हणाली की जुन्या काळातल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती आम्ही पुन्हा ऐकवत आहोत, उद्या संध्याकाळी ऐका कुरुंदा इथल्या हळद उत्पादक शेतकऱ्याची मुलाखत. आणि तिनं दादांचं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. मायच्या हातातला घास तसाच राहिला. दादांनी तोंड उघडं ठेवलं होतं ते घासासाठी की आश्चर्यानं, देव जाणे. मग ते म्हणाले, बराबर.

रात्री माय माझ्याशी एवढंच बोलली, "आता कळन मला, घेतलं व्हतं का न्हाई ते."

त्या रेडिओचं एक खोडसाळपण आहे. त्याचा काटा ढिला झालाय. बटण बंद करून पुन्हा लावलं की केंद्र जागेवर सापडत नाही, नुसती खरखर येते, आणि मग दाताचा डॉक्टर दाढ शोधतो तसं शोधत बसावं लागतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी अर्धवट उघड्या डोळ्यांनी ते चाक फिरवत बसले. एकदा तेलुगू लागलं, एकदा नुसती शिट्टी, आणि मग एकदम आपली ओळखीची सकाळची धून लागली. माय चुलीपासून उठून आली. "आता ह्याला कुणी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "संध्याकाळपतूर असाच चालू राहील." सेल नवीन टाकले होते. भावाला फोन केला तर तो म्हणाला, ताई, मोबाईलवर पण लागतं ते, मोबाईलवर ऐका. मी म्हटलं, बाबा, आमच्या आखाड्यावर रेंज बाभळीखाली उभं राहिलं तर येते, दादांची बाज काय बाभळीखाली नेऊ? मग तो म्हणाला, निदान फोनवर रेकॉर्ड कर. ते मात्र मला पटलं.

असा आमचा तो दिवस सुरू झाला. दिवसभर एकच केंद्र मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आधी भजनं झाली. मग एका गृहस्थांनी सांगितलं की माणसानं अपेक्षा कमी ठेवाव्या म्हणजे दुःख होत नाही. माय कणीक मळत होती, ती म्हणाली, ह्याला कुणीतरी सकाळी सकाळी चहा द्या. मग बातम्या, मग पुन्हा बातम्या, मग संस्कृतमधून बातम्या. संस्कृत बातम्या दादा फार मन लावून ऐकतात, त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नाही, पण कधीच कळत नव्हतं म्हणून आता त्यात त्यांचं काही कमी झालेलं नाही. मी त्यांचं अंग पुसून घेतलं, शर्ट बदलला. मायनं कपाटातला चांगला पांढरा सदरा काढून दिला. म्हटलं, अगं, रेडिओवर त्यांचा आवाज येणारे, फोटो नाही. ती म्हणाली, असू दे.

नऊच्या सुमाराला माझा चुलतभाऊ आला. त्याचं आणि आमचं शेत लागून आहे, आणि आमची हळदही तोच बघतो. आता काहील राहिली नाही, भाड्याचा बॉयलर येतो, वाफेवर ड्रममध्ये हळद शिजते, लवकर काम होतं. पण शिजली का नाही हे बघायला त्याला अजून मायच लागते. काडी टोचून, वास घेऊन ती सांगते, बास. तो म्हणाला, "काकू, बॉयलर लागलाय, चला." माय म्हणाली, "आज न्हाई येत मी." तो हसला. त्याला वाटलं चेष्टा आहे. "अवो काकू, तुमच्याबिगर कसं व्हईल?" माय म्हणाली, "तवाबी असंच म्हणले व्हते समदे. तुझा बाप पण म्हणला व्हता." त्याला काही समजलं नाही, तो माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. तो चांगला माणूस आहे. म्हणाला, दिवसभर येऊन जाऊन बघू दे काकूला, अन् संध्याकाळी कार्यक्रमाच्या वक्ताला मी बॉयलरच बंद करतो, आवाज नको.

म्हणून दिवसभर माय अंगणात जायची, ड्रममध्ये काडी टोचायची आणि पदराला हात पुसत परत ओसरीत यायची. तोवर इकडं कुणीतरी बुवा एकच ओळ आळवत होते, मग महिलांच्या कार्यक्रमात एक डॉक्टरीण लेकराला वरचं खाणं कधी सुरू करावं ते सांगत होती, मग नाचणीच्या लाडवाची कृती झाली. दुपारी फर्माईशी लागल्या. एक गाणं आणि त्याच्याआधी ऐकणाऱ्यांच्या नावांची ही लांबलचक माळ. अमक्या गावाहून हे, त्यांच्या सौभाग्यवती ह्या, लेकरं, शेजारी, मित्रमंडळ. माय शेंगा फोडत ऐकत होती. म्हणाली, "काय वं, हे तर कुणाचंबी नाव घेतेत." मी म्हटलं, तुझं पण पाठवू का मी? ती म्हणाली, "त्या बाईनं घेऊन काय करू मी?"

जेवणं झाली, दादा थोडे झोपले, आणि दुपारनंतर घोळ झाला. क्रिकेट लागलं. आपला कुणाशी तरी सामना होता आणि त्याचं धावतं वर्णन थेट मैदानावरून. थोडा वेळ हिंदीत, थोडा वेळ इंग्रजीत. मी म्हटलं, संपेल संध्याकाळपर्यंत. पण तिथं पाऊस आला, सामना थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि उन्हं कलली तरी ते आपले खेळतायत. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाची वेळ झाली. वर्णन करणारा म्हणाला, सामना रोमांचक अवस्थेत पोचलाय.

मायला क्रिकेटमधलं काही कळत नाही. तिनं विचारलं, हे कवा आटपन? मी म्हटलं, आपले खेळायला आहेत, जिंकेपर्यंत नाहीतर बाद होईपर्यंत चालणार. "बाद कवा व्हतेत?" मी म्हटलं, ते आपल्या हातात आहे का? मग आम्ही दोघी बाजेच्या कडेला बसून आपलीच माणसं बाद व्हावी म्हणून वाट बघायला लागलो. एक जण बाद झाला, तो माणूस रेडिओत हळहळला, आणि माय म्हणाली, "चला, एक गेला." दादांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं. तब्येत बरी होती तेव्हा सामना हरला तर ते जेवायचे नाहीत. तिला ते जाणवलं असावं, कारण तिनं त्यांच्या पांघरुणाची घडी सरळ केली आणि नंतर काही बोलली नाही. पण ओठ हलत होते तिचे.

शेवटी जिंकले एकदाचे. जिंकले तर लगेच उठावं ना? नाही. मग आणखी त्याच्यावर चर्चा. मी मनात म्हटलं, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आणि मग एकदम ते सगळं बंद होऊन ती कालची बाई आली, घाईघाईत म्हणाली, श्रोतेहो, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम. चुलतभावानं बॉयलर बंद केला. वाफेचा आवाज थांबल्यावर सगळं शिवार गप्प झाल्यासारखं वाटलं. कामावरची बायामाणसं हात पुसत अंगणात येऊन उभी राहिली. मी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं आणि तो रेडिओच्या अगदी जवळ धरला. आणि तेवढ्यात माझं लक्ष घड्याळाकडं गेलं. सातला मुंबईहून बातम्या येतात. ही गोष्ट रेडिओ ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, दादाच म्हणायचे, सातला मुंबई आली की आपला माणूस अर्धाच ऱ्हातो. गाणं असो, भाषण असो, केंद्रावरून जे चालू असेल ते तिथंच तुटतं. मी मायला काही सांगितलं नाही. सांगून तिनं काय केलं असतं?

आधी हवामान झालं. मग कांद्यावरच्या किडीचा सल्ला. माय हळूच म्हणाली, सोड की बाई तो कांदा. मग ती बाई म्हणाली, ऐकू या ही जुनी मुलाखत. थोडी खरखर, आणि दादा बोलायला लागले.

मला तो आवाज ओळखूच आला नाही. मी दादांना म्हातारं झाल्यावरच नीट ऐकलंय. हा तर कुणी तरणाताठा गडी, भरभर बोलणारा, थोडा मिजासखोर, मधूनच हसणारा. त्यानं तोंड उघडलं आणि मायनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. घरात कुणी परका बाप्या आला की ती ओढते तसा. तिला ते कळलंही नसेल. मी तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा बघायचं धाडस झालं नाही.

रेडिओतले दादा सांगत होते, बियाणं कसं निवडायचं, गड्डे कुठले ठेवायचे, पाणी कधी तोडायचं. आणि बाजेवरचे दादा डोळे मिटून ऐकत होते आणि प्रत्येक वाक्याला म्हणत होते, बराबर. बराबर. कामावरची एक पोरगी फिसकन हसली. तिच्या आईनं तिला चिमटा काढला. मग मुलाखत घेणाऱ्या माणसानं विचारलं, हळद शिजली हे कसं ओळखता? दादा हसले. म्हणाले, "ते मला नका इचारू साहेब. आमी निस्ते लाकडं लावणारे. ते घरच्या मंडळीला इचारा." तो माणूस म्हणाला, म्हणजे तुमच्या हळदीचं खरं श्रेय मालकीणबाईंचं? "व्हय, बराबर," दादा म्हणाले. तोच शब्द, तसाच. म्हणजे तो लकव्यानं आणलेला नव्हता, तो आधीपासून त्यांचाच होता, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग तो प्रश्न आला. मग त्यांचं नाव तरी सांगा की आमच्या श्रोत्यांना. रेडिओत दादा थांबले. खोकले. ती विहिरीवरची बाई खोटं बोलली नव्हती, खोकले खरे. मग हसले, तेही खरं. मग म्हणाले, "आता तुमी इचारलंच हाय तर सांगतो. तिचं नाव..." आणि पीप, पीप, पीप, आणि एक माणूस म्हणाला, प्रादेशिक बातम्या.

कुणी हललं नाही. मला वाटलं आता तुटलेलं पुन्हा जोडलं जाईल, कुणाच्या तरी लक्षात येईल. तिकडं मंत्र्यांचा दौरा सुरू झाला. मी चप्पल न घालताच बाभळीखाली पळत गेले आणि केंद्राला फोन लावला. नंबर दादांच्या हातानं भिंतीवर लिहिलेला होता. पुष्कळ वेळ वाजल्यावर एका माणसानं उचलला. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही, पण चांगलं बोलले नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, बाई, बातम्या आम्हाला थांबवता येत नाहीत, वेळ झाली की आपोआप जोडल्या जातात. मी म्हटलं, मग बातम्या झाल्यावर उरलेलं लावा. तो म्हणाला, बातम्यांनंतर दुसरा कार्यक्रम आहे, तो वरून ठरलेला असतो. मी म्हटलं, मग उद्या लावा. तो म्हणाला, ते ठरवणारे साहेब घरी गेलेत, बघू. बघू म्हटलं की आमच्याकडं वाटाण्याच्या अक्षता समजतात. मी त्याला म्हटलं, अहो, एकच शब्द राहिलाय हो, एकच शब्द. तो बिचारा म्हणाला, मला समजतंय ताई, पण माझ्या हातात काही नाही. आवाजावरून तोही कुणाचा तरी म्हातारा बापच वाटत होता. मला इतका राग आला होता आणि तो कुणावर काढावा हेच कळेना. क्रिकेटवाल्यांवर काढावा का पावसावर का घड्याळावर?

परत आले तेव्हा ओसरीपुढं कुणी राहिलं नव्हतं. चुलतभाऊ बॉयलरकडं जाता जाता मायला म्हणाला होता, काकू, घेतलंच असन की नाव, सांगतो म्हणले ना ते. रेडिओ अजून चालू होता. मायनं तो स्वतः बंद केला. मग बाजेवर दादांच्या जवळ बसली, पदर अजून तसाच पुढं होता, आणि तिनं त्यांना विचारलं, "तुमी घेतलं व्हतं का माझं नाव?"

"बराबर," दादा म्हणाले.

"का घेतलंच न्हाई? खोकलून टाळलं?"

"बराबर."

मला म्हणावंसं वाटलं, माय, नको विचारू. तिनं त्यांचा डावा हात हातात घेतला. "मंग आता घ्या," ती म्हणाली. "कुणी न्हाई इथं. पोरगी हाय निस्ती. हळू घ्या, म्या ऐकते." दादांना सगळं समजतं. डॉक्टर काहीही म्हणोत, समजतं. त्यांनी ओठ जुळवले, मान ताणली, गळ्याच्या शिरा वर आल्या, आणि कितीतरी वेळ नुसता श्वास येत राहिला. मग आलं ते बराबर. त्यांनी डोकं हलवलं, हे नाही, हे नाही, आणि पुन्हा जोर लावला, आणि पुन्हा तेच आलं. मग ते डाव्या हातानं बाजेची कड बडवायला लागले आणि रडायला लागले. मायनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणत राहिली, "ऱ्हाऊ द्या आता. ऱ्हाऊ द्या."

मी खांबाला टेकून उभी होते. माझ्या हातातल्या फोनमध्ये ते सगळं होतं, त्या खोकल्यापर्यंत, त्या हसण्यापर्यंत, तिचं नाव इथपर्यंत. मी म्हटलं, माय, लावू का पुन्हा? ती म्हणाली, नको.

बाहेर बॉयलर पुन्हा लागला. अर्धवट शिजलेली हळद तशीच ठेवता येत नाही, मग जग बुडो. माय डोळे पुसून उठली आणि अंगणात गेली. मी तिच्या मागं गेले. दिवस मावळून अंधार पडत आला होता, ड्रममधून वाफ येत होती, आणि तिनं काडी घेऊन एका गड्ड्यात टोचली, बाहेर काढून नाकाला लावली. म्हणाली, अजून थोडं.

तेवढ्यात ओसरीतून दादांची हाक आली. "बराबर." एरवी अशी हाक आली की माय जागेवरूनच म्हणते, काय पाहिजे, पाणी का पांघरूण, आणि अंदाज करत जाते. त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही. दादांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं, "बराबर."

"ओ," माय म्हणाली. आणि काडी माझ्या हातात देऊन आत गेली.